उलट्या पिळाची वात

हैदराबादेहून परत आल्यापासून मला पारावर बसायची सोय राहिलेली नाही. जो येतो तो एकच विचारतो, "पाटील, निजामाचा हत्ती पाह्यला काय?" पाहिला. एक नाही, चार पाहिले. पण तेवढ्यावर कोणी सोडत नाही. शेपटीपासून सोंडेपर्यंत सांगावं लागतं, आणि सोंडेशी येतो न येतो तोच दुसरा कोणी टपकतो आणि म्हणतो, पहिल्यापासून होऊ द्या. शेवटी म्हटलं, पंतोजीच्या छडीखाली शिकलेली अक्षरं एकदाची कामाला लावावी आणि सारं लिहूनच ठेवावं. ज्याला फक्त हत्ती हवा, त्याने मधलं पान वाचावं.

कापसाचे हे दिवस कोणाला सांगायला नकोत. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यागोऱ्यांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या अशा लागत की माणसाला रस्ता ओलांडायला पलीकडच्या गल्लीतून जावं लागे. लोक येडे झाले. आमच्या शेजारच्या गावात एकाने गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या. मी शहाणा माणूस. मी फक्त बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या केल्या, आणि स्वतःला जांभळ्या मखमलीचा एक अंगरखा शिवला. तोही चैत्रात. त्याची फळं पुढे येतीलच.

याच दिवसांत मला एक खोड लागली. कुठेही कापूस दिसला की माझी बोटं तिकडे जातात. चिमूटभर घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा आणि धागा किती लांब निघतो ते पाहायचं. कापूस विकणारे सगळेच हे करतात, पण ते बाजारात करतात. मी एका लग्नात नवरदेवाच्या लोडातून कापूस उपसला होता. माझी बायको यमुना हिने यावर एक इलाज काढला आहे. ती मनगटावर चापट मारते. चांगली लागते.

आता हैदराबादेस जायचं कारण. माझ्या सासूला दोन मुली. थोरली गंगा, धाकटी यमुना. यमुना मला दिली आणि गंगा दिली मारोतराव नावाच्या शिलेदाराला. तेव्हा त्याचा रिसाला, म्हणजे घोडेस्वारांची पलटण, एलिचपुरास होता. पुढे वऱ्हाड इंग्रजाच्या हाती गेलं, रिसाला निजामाच्या राजधानीत गेला, त्याच्यामागे गंगाही गेली. या गोष्टीला एक तप लोटलं. मधे एका गोसाव्याने निरोप आणला की मारोतराव पटकीने वारले. गंगेचं काय झालं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती आहे की नाही, हे सांगणारा पुढे कोणी भेटलाच नाही.

सासू आता आमच्याकडेच असते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला आता माणूस सावलीसारखा दिसतो. आम्ही निघताना तिने यमुनेचा हात धरून ठेवला.

"यमने, तू चालली तं जा. पन येऊन मले नुसतं 'बरी हाय' म्हनू नोको. आंधळ्या बुढीले सारेच गोड सांगतात. तिच्या हातचं काही आनजो. मंग मी मानीन."

यमुना "आनतो ना माय" म्हणाली आणि गाडीत चढली.

आम्ही निघालो ते मी, यमुना, आमची आठ वर्षांची काशी आणि अमरावतीचा रहीमभाई पिंजारी. रहीमभाईची सासुरवाड हैदराबादची. "पाटील, हैदराबाद म्हंजे माह्या पायाखालचं हाय," असं तो म्हणाला म्हणून त्याला बरोबर घेतलं. तो तिथे एकदाच गेला होता, तोही स्वतःच्या लग्नात, तोंडावर सेहरा असताना, हे मला नांदेडच्या पुढे कळलं.

वाटेचे वीस-एकवीस दिवस मी गाळतो. बैलांनी चालायचं आणि माणसांनी घाम गाळायचा, यापलीकडे त्यात काही नव्हतं. एवढंच सांगतो की पैनगंगेच्या पलीकडे नाक्यावरच्या शिपायाने विचारलं, "कहाँ के?" मी म्हटलं, "वऱ्हाडचे." तो म्हणाला, "वऱ्हाड तो हमारेच सरकार का है." मी म्हटलं, "मंग सोडा की घरच्या मानसाले." त्याने घरचं समजून आमचं गाठोडं न गाठोडं सोडून पाहिलं. पुढे काळी माती संपली आणि दगड सुरू झाले. बाप्पा, काय ते दगड! घराएवढे धोंडे, एकावर एक, कोणी हाताने रचून ठेवल्यासारखे. आमच्याकडे चुलीला तीन दगड हवे असले तर नाल्यापर्यंत जावं लागतं.

सकाळ, नदीकाठ

बेगमबाजारातल्या धर्मशाळेत उतरलो. पहाटे जाग आली तेव्हा माझं बोट उशीच्या उसवलेल्या टाक्यातून आत गेलेलं होतं. कापूस आखूड, सरकीच्या भुशाने भरलेला. मी तो उजेडात धरतो आहे तोच मनगटावर चापट बसली.

"परक्या मुलखात पह्यल्याच दिवशी चोऱ्या करून राहिले काय जी?"

"चोरी नाही वं. पाहून राहिलो."

"पाहाचं असंन तं माह्या बहिनीचं घर पाहा."

मी गाडी जुंपली. शहरात पायी जाणं बरं, असं धर्मशाळेचा माणूस म्हणत होता, पण मग शिंगांच्या शेंब्या कोणाला दाखवायच्या? मखमलीचा अंगरखा चढवला आणि ऐटीत निघालो. सूर्य अजून कोवळा होता.

मुसी नदी उन्हाळ्यात आमच्या नाल्यांसारखीच दिसते. मधे पाण्याची एक धार आणि दोन्ही बाजूंनी वाळूत टरबुजांच्या वाड्या. नदीत उतरायच्या उतारावर आमची गाडी, आणि समोरून हत्ती. झुलीतला, कपाळ रंगवलेला, घंटा वाजवत येणारा. काशी ओरडली, "बा, डोंगर चालून राहिला!" आमच्या बैलांनी उभ्या जन्मात म्हशीहून मोठं जनावर पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडीसकट थेट टरबुजाच्या वाडीत शिरले. माहूत वरून वाकून माझ्या बैलांची शिंगं पाहत म्हणाला, "बैलां को बी जेवर पिन्हाए! क्या जमाना आया!" सबंध हैदराबादेत माझ्या शेंब्यांची दखल घेणारा हा एकच माणूस.

वाडीवाली म्हातारी तेलंगी बोलत होती. त्यातलं एक अक्षर आम्हाला कळलं नाही, तरी सगळं समजलं. चिरडलेली टरबुजं आम्हीच घेतली आणि वाळूत बसून खाल्ली. गोड होती. यमुनेने दोन फोडी खाल्ल्या आणि एक चांगलं, न फुटलेलं टरबूज बहिणीसाठी गाडीत ठेवलं.

चारमिनार

चारमिनाराला चार मिनार आहेत. यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही, कारण मी मान वर केली तेव्हा घाम डोळ्यांत गेला. काशीने विचारलं, "एवढं उंच काहून बांधलं?" रहीमभाई म्हणाला, "आपल्यासारखे भटकलेले लोक दुरून पाहून येतीन म्हनून."

खालची गर्दी मात्र पाहण्यासारखी. कमरेला वाकडे जंबिये लावलेले अरब, हातभर मिशांचे पठाण, पालख्या, उंट, पानवाले, फकीर. आणि ज्याला त्याला हत्यार! भाजी घ्यायला आलेल्या माणसाच्या कमरेलाही तलवार. आमच्या गावात एक तलवार आहे, माझी, आणि ती दसऱ्याला म्यानातून काढायला दोन माणसं लागतात.

एका अत्तरवाल्याने मला मखमलीत पाहून मोठा सरदार समजून बोलावलं. "आओ नवाब साब!" म्हणाला. मला बरं वाटलं. त्याने कुपी उघडली, कापसाचा इवलासा फाया गुलाबात बुडवला आणि माझ्या कानात ठेवण्यासाठी पुढे केला. मी तो त्याच्या हातातून घेतला, दोन अंगठ्यांत धरला आणि ओढला.

अत्तरवाला पाहतच राहिला. "मियाँ, ये सूँघने का है, खींचने का नै."

पण माझं लक्ष कुठे! धागा निघतच होता, रेशमासारखा. "रहीमभाई, बनी हाय! आपल्याकडचा बनी कापूस! वऱ्हाडातून आलेला!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की दोन अरब वळून पाहू लागले.

"होगा, जनाब," अत्तरवाला म्हणाला, "पन अब तो गुलाब का है."

चापट बसली. त्या झटापटीत अत्तर माझ्या दोन्ही हातांना लागलं. तोवर ऊन चढलं होतं आणि मखमलीचा जांभळा रंग मानेवरून ओघळायला लागला होता. त्या दिवशी हैदराबादेत एक जांभळ्या मानेचा, गुलाबाच्या वासाचा पाटील फिरत होता.

मारोतराव शिलेदाराचं घर

आमच्या गावात पाहुणा आला की पारावर नाव सांगतो आणि कोणीतरी त्याला दारापर्यंत नेऊन सोडतं. आम्ही याच हिशेबाने आलो होतो. पत्ता म्हणून यमुनेकडे एवढंच होतं: मारोतराव शिलेदार, हैदराबाद. मलाही त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

एका देवडीवरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कौनसे रिसाले के?"

"घोड्याच्या," मी म्हटलं.

तो इतका हसला की त्याने आतून आणखी दोघांना बोलावून मला पुन्हा तेच बोलायला लावलं. पण माणूस भला. त्याने एका गल्लीकडे बोट दाखवलं, तिथे मराठे शिलेदार राहतात म्हणून. तिथे मारोतराव शिलेदाराचं घर खरोखरच होतं. रहीमभाईने दार वाजवलं आणि अदबीने विचारलं, "पटकीनं वारले ते मारोतराव अठीच राह्यतात ना जी?"

दार उघडणारा पंचविशीचा गडी, मिशांना पीळ दिलेला. "मीच मारोतराव," तो म्हणाला. त्याची बायको आतून पळी घेऊन धावत आली. भर दुपारी कोणी दारात उभं राहून नवऱ्याचं मरण बोलतो म्हटल्यावर कोणतीही बायको येईल. आम्ही पाया पडून, माफी मागून निघालो. त्या मारोतरावाला दुसरा मारोतराव ठाऊक नव्हता.

नंतर आणखी तीन गल्ल्या झाल्या. दोन मारोतराव आणखी भेटले. दोघेही जिवंत.

एका खानावळीत जेवायला बसलो. भाताचा ढीग आला. वरणात चिंच, भाजीत चिंच, चटणीत चिंच. मी भाकर मागितली तर वाढप्याने आणखी भात आणला. वर म्हणाला, "ये भी नक्को, वो भी नक्को, तो होना क्या?" त्यातलं 'नक्को' ऐकून मला घरच्यासारखं वाटलं आणि मी भात खाल्ला. यमुनेने हात लावला नाही.

"खा ना वं. उद्या पाहू."

"उद्या तरी कोनाले विचारान? एवढ्या मानसांत ती कुठी सापडन?" तिने ताट बाजूला सारलं. "अन् ती नसंनच तं? मायले मी काय सांगू? मायच्या हातावर काय ठेवू?"

मी म्हटलं, "अवं, मी सकाळपासून पाहूनच राहिलो ना."

"तुमी पाहून राहिले? तुमाले कापूस दिसते जी. मानूस दिसत नाही."

खरंच होतं. मी गुपचूप हात धुतले. गुलाबाचा वास गेला नाही.

देऊळ

ऊन असं झालं की बैलांनी चालायचं सोडलं. जवळच महादेवाचं एक लहानसं देऊळ होतं. रहीमभाई बैलांना घेऊन बाहेर निंबाखाली बसला, आम्ही सभामंडपात टेकलो. आत गार होतं. काशी फरशीवर पडल्या पडल्या झोपली. यमुना खांबाला टेकून डोळे मिटून बसली. पुजारी कोपऱ्यात पेंगत होता.

समईच्या शेजारी एक परडी होती, वातींनी भरलेली. पांढऱ्याशुभ्र, एकीसारखी एक.

मी स्वतःला आवरलं. शिवलिंगाकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं. मग पाहतो तर एक वात माझ्या बोटांत. आता घेतलीच आहे तर कापूस कोणता ते पाहू, म्हणून पीळ उलगडायला गेलो. घरी आईच्या, सासूच्या, बायकोच्या वाती मी हजारदा उलगडल्या आहेत. अंगठा मागे सरकवला की वात मोकळी होते. ही मोकळी होईना. मी जितका अंगठा मागे सरकवतो तितकी ती आणखीच आवळते. दुसरी घेतली. तीही तशीच. तिसरी घेतली.

"अरे, या गावात वाती बी उलट्या वळतात काय?" मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

पुजारी ताडकन उठला. "अहो, अहो! देवाच्या वाती! सोडा त्या!" तो तेलंगा, पण मराठी चांगलं बोलत होता. त्याच्या ओरडण्याने यमुना उठली. मला माझं भविष्य दिसलं. मी मनगट पुढे करून डोळे मिटले.

चापट आली नाही.

डोळे उघडले तर यमुनेचा हात वरच्यावर राहिलेला. ती माझ्या बोटांतल्या वातीकडे पाहत होती. तिने ती काढून घेतली. अंगठा मागे फिरवला, आवळली. पुढे फिरवला, उलगडली. मग शेपटाकडे बोट नेलं. तिथे एक बारीक गाठ होती, मोहरीएवढी.

"ही गाठ माह्या मायची हाय," ती म्हणाली. "आमच्या घरीच मारतात. अन् पीळ..." तिने वात उजेडात धरली. "गंगी डावरी हाय जी. डाव्या हातानं वळते. माय लय मारत होती तिले त्याच्यापायी."

पुजारी गोंधळून आमच्याकडे पाहत होता. यमुना त्याच्याकडे वळली. "महाराज, ह्या वाती कधीच्या?"

"कालच्या. बाई दर सोमवारी देऊन जाते."

काल! यमुना होती तिथे खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. काशी जागी झाली आणि कोणी मेलं समजून तीही रडायला लागली. पुजारी मला म्हणाला, "अहो, मी ओरडलो ते तुम्हाला. बाईंना काही म्हटलं नाही." मी त्याला सगळं सांगितलं. त्याने देवळाला कडी घातली आणि म्हणाला, "चला."

घर देवळाच्या मागच्या गल्लीतच होतं. जेवणाआधी आम्ही त्याच गल्लीच्या तोंडावरून, दुसऱ्या एका मारोतरावाकडे गेलो होतो. बुटकं दार, उघडं. आत एक बाई पाय पसरून बसलेली, केस अर्धे पिकलेले. पुढ्यात कापूस, आणि डावा हात डाव्या मांडीवरून सरसर पुढे चाललेला.

"कौन है जी? क्या होना?" तिने वर न पाहता विचारलं.

यमुना उंबऱ्यात उभी. वीस दिवस तिने काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, मला रोज ऐकवलं होतं. त्यातलं काही आलं नाही. ती एकदम म्हणाली, "देवाची वात डाव्या हातानं करतं काय वं? माय पाहीन ना!"

हात थांबला. बाईने मान वर केली.

"यमने?" ती म्हणाली. "एवढी जाडी काहून झाली वं?"

पुढचं मी लिहीत नाही. दोघी बहिणी रडत होत्या, पुजारी डोळे पुसत होता आणि रहीमभाई दारात ते टरबूज पोटाशी धरून उभा होता. जरा शांत झाल्यावर गंगेने फक्त एक विचारलं, आणि विचारताना यमुनेचा पदर धरून ठेवला. "माय?"

"हाय. तुहीच वाट पाहून राहिली."

मारोतराव गेल्यावर तिने मुलाला वाढवलं. तो आता बापाच्या जागी रिसाल्यात लागला होता. गाव फार दूर, सोबत कोणाची नाही, लिहिता येत नाही. वाती वळून देवळांना द्यायची, गाद्या शिवायची. माय आहे की गेली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला ती भीत होती, असं तिनेच सांगितलं.

संध्याकाळी तिने ज्वारीची भाकर केली. मी पाच खाल्ल्या. जेवल्यावर तिने मला नवी गादी घालून दिली. "बसा, जवाईबापू." मी बसलो. गादीच्या कोपऱ्याला एक टाका राहिलेला होता. माझं बोट तिकडे गेलं आणि मी चटकन मागे घेतलं.

"पाहा, पाहा," यमुना म्हणाली. "खुशाल पाहा जी."

आम्ही आणखी आठ दिवस राहिलो. उरलेले तीन हत्ती त्यातच पाहिले. मृगाच्या आत घरी पोचायचं होतं म्हणून निघालो. गंगेला मुलाला सोडून येणं जमलं नाही. तिने मायसाठी लुगडं दिलं, अत्तर दिलं, बांगड्या दिल्या. यमुनेने सगळं घेतलं, पण पदराला गाठ मारून जपलं ते वातींचं पुडकं.

परत आलो तेव्हा सासू ओसरीवर बसली होती. गाडीचा आवाज ओळखून तिने मान वळवली. यमुना "माय, गंगी..." म्हणाली तर तिने हाताने तिला थांबवलं आणि तोच हात पसरला. यमुनेने त्यावर एक वात ठेवली.

सासूने ती दोन बोटांत धरली. अंगठा मागे फिरवला. वात आवळली. तिने पुन्हा फिरवून पाहिला. शेपटाची गाठ नखाने चाचपली. मग तिच्या मिटत आलेल्या डोळ्यांतून पाणी खाली आलं.

"मेली," ती म्हणाली, "लाखदा सांगतलं होतं, उजव्या हातानं कर म्हनून." तिने वात मुठीत घट्ट धरली आणि यमुनेला ओढून शेजारी बसवलं. "हं. आता सांग, कशी हाय ते."